भट्टीपासून वर्गापर्यंत: पश्चिम भारतातील बेकिंगच्या शिक्षणाचा इतिहास

पश्चिम भारतात बेकरीचा धंदा चारशे वर्षांहून जुना आहे. हा धंदा शिकवणारी संस्था मात्र सत्तर-बहात्तर वर्षांपूर्वीची. मधल्या साडेतीन-चार शतकांत ज्याला पाव, बिस्किट किंवा केक करायला शिकायचे असेल त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: बेकरीवाल्याच्या घरी जन्म घेणे, नाहीतर लहान वयात भट्टीवर पोऱ्या म्हणून लागणे. फी भरून, अर्ज करून, केवळ आवड आहे म्हणून हे काम शिकता येते ही कल्पनाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. ती रुजली तेव्हा धंद्याची चव किंवा तंत्र तर बदललेच, पण त्याहून मोठा बदल झाला तो हे काम कोणी करायचे यात.

सुरुवात गोव्यातून होते. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा त्यांच्या रोजच्या जेवणात गव्हाचा फुगवलेला पाव होता आणि गोव्याच्या जेवणात भात. पाव भाजणारी माणसे स्थानिकांतूनच तयार करावी लागली. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांना जेझुइट पाद्र्यांनी हे काम शिकवले आणि माजोर्डा हे त्याचे मूळ गाव, अशी गोव्याची परंपरा सांगते. तिथून निघालेले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पुढे गोवाभर पसरले. पावाला युरोपात लागणारे आंबवण इथे मिळण्यासारखे नव्हते. ती अडचण माडाच्या सुरेने सोडवली. ताज्या सुरेत नैसर्गिक यीस्ट असते आणि ती काही तासांत पीठ फुगवते. परदेशी पदार्थाचा इथे बसलेला हा पहिला मोठा सांधा होता, आणि तो कोणत्याही पुस्तकातून आलेला नव्हता.

गोव्याच्या पोदेराचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. पीठ मळायचे, झाकून ठेवायचे, रात्री त्याचे गोळे करायचे, आणि पहाटेच्या आधी भट्टी तापवायची. भट्टी म्हणजे विटा-मातीची घुमटाकार जागा. आत लाकडे पेटवतात, निखारे झाले की ते बाजूला ओढतात, ओल्या गोणपाटाने तळ पुसतात आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पाव आत सरकवतात. उष्णता मोजायला काही साधन नसते. तळावर चिमूटभर पीठ टाकतात. ते लगेच काळे पडले तर भट्टी फार तापलेली, हळूहळू तांबूस झाले तर पावाला योग्य, आणि पांढरेच राहिले तर लाकूड कमी पडले. कोंड्याची पोई, कडक पाठीचा आणि मध्ये चिरेचा उंडो, कात्रीने कापल्यासारखा दिसणारा कातरो, बांगडीच्या आकाराचे कांकण, असे वेगवेगळे प्रकार एकाच भट्टीतून निघतात ते भट्टीच्या उतरत्या उष्णतेचा अंदाज घेऊन. उजाडताना सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवत पोदेर गावात फिरतो आणि बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी पुन्हा एक फेरी होते.

हे सगळे ज्ञान हातात होते, कागदावर नव्हते. पीठ किती मळायचे याचे उत्तर ‘हाताला लागेपर्यंत’ असे असे. पाणी किती, सूर किती, हे त्या दिवशीच्या हवेवर ठरे. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात वेगळे. असे ज्ञान फार पक्के असते आणि फार बंदिस्तही. बाप मुलाला शिकवी, काका पुतण्याला. बाहेरच्याला शिकायचे तर वर्षानुवर्षे लाकडे फोडणे, पत्रे घासणे, पिंप भरणे यांतून जावे लागे, आणि प्रमाण सांगायचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर राही. बायका घरच्या धंद्यात मदत करत, पण भट्टीसमोरचे काम पुरुषांचेच मानले गेले.

मुंबईत हा धंदा गोव्याहून आणि इराणहून असा दोन्ही बाजूंनी आला. एकोणिसाव्या शतकात गोव्यातले तरुण मोठ्या संख्येने मुंबईत येऊ लागले. धोबीतलाव, माझगाव, भायखळा भागांत त्यांच्या गावागावांच्या ‘कूड’, म्हणजे एकत्र राहण्याच्या जागा, होत्या. तिथे राहून ते साहेबांच्या बंगल्यांत, क्लबांत, आगबोटींच्या स्वयंपाकघरांत काम शोधत. जहाजावरचे स्वयंपाकघर हीच कितीतरी गोवेकरांची पाकशाळा ठरली. युरोपियन मुख्य आचाऱ्याच्या हाताखाली केक, पेस्ट्री, पुडिंग पाहत पाहत शिकायचे, आणि जमिनीवर परतले की ते शिक्षण घेऊन हॉटेलात किंवा स्वतःच्या बेकरीत उतरायचे. फ्रान्सिस्को काएतानो कार्व्हाल्यो यांनी 1908 मध्ये सुरू केलेली अमेरिकन एक्सप्रेस बेकरी ही याच गोवेकर परंपरेतली. ताजमहाल हॉटेलच्या स्वयंपाकघरात पुढे नावाजलेले मिगेल आर्कांजो मास्कारेन्यस हेही गोव्याचेच.

दुसरी धार इराणी. यझद आणि केरमान भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी मुंबई-पुण्याच्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली आणि चहाबरोबर लागतो म्हणून पाव-बिस्किटेही हाती घेतली. धोबीतलावचे कयानी 1904 चे, ग्रँट रोडचे मेरवान 1914 चे, फोर्टातली याझदानी 1953 ची आणि पुण्याच्या कॅम्पातली कयानी बेकरी 1955 ची. ब्रून, बन-मस्का, मावा केक, श्रूसबेरी बिस्किट ही नावे या दुकानांमुळे मराठी जिभेवर बसली. दुकानाचा गल्ला इराण्याकडे असला तरी भट्टीवरचे हात बहुधा दुसऱ्यांचे असत, आणि पुढे तर मुंबईच्या बेकऱ्यांत उत्तर प्रदेशातून आलेले कारागीरच बहुसंख्य झाले. एकेका गावातून माणसे येत, बेकरीच्या माळ्यावरच झोपत, आणि नव्या पोऱ्याला जुना कारागीर शिकवी. जन्माने बेकर नसलेल्यांसाठी हीच खरी शाळा होती. तिला वेळापत्रक नव्हते, परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते.

ज्ञान एका समाजातून दुसऱ्यात कसे उडी मारते याची दोन उदाहरणे पश्चिम किनाऱ्यावर आवर्जून सांगितली जातात. सुरतेत डच वखारीसाठी पाव भाजणाऱ्या पारशांपैकी फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांच्याकडे वखारीच्या भट्ट्या आल्या आणि त्यांची बेकरी 1861 पासून चालू आहे. केरळात तलश्शेरीला मांबळ्ळी बापू यांनी 1880 मध्ये बिस्किटांचा कारखाना काढला. 1883 मध्ये मर्डॉक ब्राउन या मळेवाल्याने विलायतेहून आणलेल्या नाताळच्या केकचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि तसाच करून मागितला. बापूंनी तो चाखून केला. त्यात ब्रँडीऐवजी स्थानिक फळांची दारू वापरली, असे त्यांच्या घराण्यात सांगितले जाते. चाखून शिकण्याचे हे कौशल्य थक्क करणारे आहे. पण ते एका बापूंना जमले म्हणून शंभर जणांना शिकवता येत नव्हते, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

मराठी समाजाचा मोठा भाग तर या धंद्याच्या उंबऱ्यापर्यंतही पोचला नव्हता, कारण पाव खाणे म्हणजेच बाटणे. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा कोकण आणि वसई भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पाव मळणारा कोण, त्यात सूर आहे की अंडे, हे माहीत नसल्याने सोवळ्या घरात त्याला जागा नव्हती. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने चहापान झाले. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. हजर असलेल्यांची नावे छापून आली, आणि मिशनऱ्यांकडच्या चहा-बिस्किटांवरून पुण्यात जे वादळ उठले ते शंकराचार्यांपर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेले. ज्या गावात बिस्किट खाल्ल्याबद्दल विद्वानांना प्रायश्चित्त घ्यावे लागते, तिथल्या मुलाने बेकर व्हायचे म्हटले असते तर घरात काय झाले असते याची कल्पना येते.

ही भीती धंद्याने हेरली. 1898 मध्ये दिल्लीत निघालेल्या हिंदू बिस्किट कंपनीच्या नावातच तिचा ग्राहक लिहिलेला होता. यंत्रावर आणि ‘योग्य’ हातांनी केलेला माल, हे आश्वासन महत्त्वाचे होते. मुंबईत मोहनलाल दयाल चौहान यांनी 1929 मध्ये विलेपार्ल्यात गोळ्या-चॉकलेटचा कारखाना सुरू केला. त्यासाठीचे तंत्र त्यांनी जर्मनीत जाऊन पाहिले होते. 1939 मध्ये तिथे बिस्किटे होऊ लागली. कारखान्याच्या बंद पुड्यातले ग्लुकोज बिस्किट आजारी माणसाला आणि लेकराला देता देता घराघरांत शिरले, आणि बाटण्याची गोष्ट कोणी काढीनासे झाले. खाण्याची बंदी अशी उठली. करण्याची बंदी उठायला आणखी वेळ लागला.

तोवर युरोपात बेकिंग हा शिकवण्याचा विषय झाला होता. लंडनच्या बरो पॉलिटेक्निकमध्ये 1894 मध्ये नॅशनल बेकरी स्कूल सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये मार्त दिस्तेल या पत्रकार बाईंनी ल कॉर्दों ब्ल्यू ही पाकशाळा काढली. पहिल्या शाळेचा कल धंद्याकडे होता, दुसरीचा घरगुती आणि उच्च पाककलेकडे. शिकवणे शक्य झाले त्यामागे विज्ञान होते. लुई पाश्चरने 1857 नंतरच्या प्रयोगांतून आंबणे ही सजीवांची क्रिया असल्याचे दाखवले, आणि 1868 पासून अमेरिकेत फ्लाइशमन कंपनीने दाबून वडी केलेले यीस्ट बाजारात आणले. प्रत्येक वडीची ताकद सारखी. सुरेचा, ताकाचा किंवा जुन्या पिठाचा लहरीपणा संपला की प्रमाण लिहिता येते, आणि प्रमाण लिहिता आले की ते अनोळखी माणसालाही सांगता येते.

मुंबईत अशी संस्था आली ती मात्र भुकेच्या प्रश्नातून, आणि हा तिच्या इतिहासातला सगळ्यात लक्ष देण्यासारखा भाग आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळानंतर, युद्धकाळातल्या रेशनिंगनंतर आणि फाळणीनंतर देशात धान्याची टंचाई होती. 1950 ते 1952 या काळात कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी या गुजराती लेखिका आणि राजकीय कार्यकर्त्या. त्यांनी महिलांची अन्न परिषद उभी केली आणि तिच्यामार्फत ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहे चालवली. तांदूळ-गहू वाचवून रताळे, कंद, केळी, शेंगदाणे यांतून पोटभर आणि सकस खाणे स्वस्तात द्यायचे, हा त्यांचा हेतू. असे खाणे शेकडो माणसांसाठी रोज शिजवायचे तर प्रशिक्षित माणसे हवीत, हे लवकरच कळले. त्यातून 1954 मध्ये मुंबईत हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंग शिकवणारी देशातली पहिली संस्था निघाली. तिच्या लांबलचक नावात ‘केटरिंग टेक्नॉलॉजी’बरोबर ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ हे शब्द आजही आहेत, ते याच जन्मामुळे. अंधेरीच्या भवन्सच्या आवारात सुरुवात करून ती दादरला वीर सावरकर मार्गावर स्थिरावली आणि मुंबईकरांच्या तोंडी ‘दादर केटरिंग’ झाली. 1960 च्या दशकात दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे तशाच संस्था निघाल्या. त्या सुरुवातीला अन्न खात्याच्या अखत्यारीत होत्या. 1982 मध्ये या संस्थांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि त्यांचा कारभार पर्यटन खात्याकडे गेला. पोषणाकडून पाहुणचाराकडे झालेला हा प्रवास एका सरकारी फेरबदलात स्पष्ट दिसतो.

या संस्थेला घडवणाऱ्यांत थंगम फिलिप यांचे नाव पहिले घ्यायला हवे. केरळच्या या बाईंनी अनेक वर्षे दादरच्या संस्थेचे प्राचार्यपद सांभाळले आणि 1976 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1960 च्या दशकात प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘मॉडर्न कुकरी’ हे पुस्तक शिकवण्यासाठी आणि धंद्यासाठी लिहिलेले होते. भारतीय आणि पाश्चात्त्य पदार्थ त्यात एकाच शिस्तीत, ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये मांडले होते. ‘अंदाजे मीठ’ लिहिणाऱ्या पाकपुस्तकांच्या जगात ही मोठी गोष्ट होती. महाराष्ट्रात छापील पाकशास्त्राची परंपरा 1875 च्या ‘सूपशास्त्रा’पासून आणि 1910 मधल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्रा’पासून होती. पण ती पुस्तके घर सांभाळणाऱ्यांसाठी होती. थंगम फिलिप यांचे पुस्तक पगार मिळवायला निघालेल्या मुलामुलींच्या हाती पडले.

बेकरीच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवली जाते ती वजनाची शिस्त. मैदा नेहमी शंभर धरायचा आणि बाकी सगळे त्याच्या टक्क्यांत मोजायचे. साध्या पावाला पाणी साठच्या आसपास, ओले यीस्ट दोन, मीठ दोन, साखर आणि स्निग्ध पदार्थ थोडे. म्हणजे दहा किलो मैद्याला सहा लिटर पाणी, दोनशे ग्रॅम यीस्ट, दोनशे ग्रॅम मीठ. पंचवीस किलो मैदा घेतला तरी गणित तेच. मीठ आणि यीस्ट थेट एकमेकांवर पडू द्यायचे नाहीत, कारण मीठ यीस्टला मारते. मळलेल्या पिठाचा लहान गोळा दोन्ही हातांच्या बोटांवर ताणून उजेडासमोर धरायचा. पडदा न फाटता पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसला, तर ग्लुटेन तयार झाले. मे महिन्यात मुंबईत पीठ फार लवकर आंबते म्हणून पाण्यात बर्फ घालायचा. भट्टीवरचा जुना कारागीर हे सारे करतच होता. वर्गाने त्याला कारण दिले आणि आकडा दिला. आकडा मिळाल्यावर ज्ञान कोणाच्या मर्जीवर राहिले नाही. सातारच्या शिक्षकाची मुलगी आणि मडगावच्या पोदेराचा मुलगा एका ओट्यावर शेजारी उभे राहून तेच सूत्र वहीत उतरवू शकले.

वर्गातले बेकिंग मात्र फार युरोपियन राहिले. 1962 मध्ये निघालेले सेझरानी आणि किंटन या इंग्रज लेखकांचे ‘प्रॅक्टिकल कुकरी’ पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिले आणि शू पेस्ट्री, पफ पेस्ट्री, जेनोआज स्पंज यांत मुले तरबेज झाली. लादी पाव, खारी, जिरा बटर, नानकटाई यांना त्या अभ्यासक्रमात मानाचे पान क्वचितच मिळाले. ज्या शहरात ही संस्था उभी होती त्याच शहराचा रोजचा पाव तिच्या फळ्यावर नव्हता, ही उणीव मोठी आहे आणि ती अजून पुरती भरून निघालेली नाही.

बाहेर त्या पावाची गरज भराभर वाढत होती. 1956 च्या पीएल-480 करारानंतर अमेरिकी गहू बोटींनी येऊ लागला आणि शहरांत मैदा मुबलक झाला. गव्हाचे खाणे वाढवावे म्हणून सरकारने 1965 मध्ये मॉडर्न बेकरीज ही सार्वजनिक कंपनी काढली. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाची यंत्रे आली आणि जीवनसत्त्वे घातलेला कापलेला ब्रेड मेणकागदात बांधून विकला जाऊ लागला. (2000 मध्ये ती हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली तेव्हा केंद्र सरकारने अशा रीतीने खासगी हाती दिलेली ती पहिली कंपनी ठरली.) 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली आणि लादी पाव गिरणी कामगाराच्या हातात गेला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत पीठ आणि बेकिंगवर संशोधन व प्रशिक्षण होऊ लागले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये म्हणजे आयटीआयमध्ये ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा ट्रेड आला. केटरिंगच्या संस्थांनी बेकरी-कन्फेक्शनरीची वेगळी, दीड वर्षाची पदविका सुरू केली. त्यात शेवटचे काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात किंवा बेकरीत काढावे लागतात. दहावी-बारावीनंतर सरकारी फीमध्ये शिकता येण्याजोगी ही दारे होती, आणि आजही गरिबाघरच्या मुलांना तीच जास्त परवडतात.

मराठी मध्यमवर्गाची बेकिंगशी खरी ओळख यांपैकी कुठल्याच संस्थेत झाली नाही. ती झाली गल्लीतल्या बेकरीत. मे महिन्याच्या सुटीत किंवा दिवाळीच्या आधी घरची बाई रवा, मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तुपाचा डबा पिशवीत घालून बेकरीत जाई. बेकरीवाला आपले काळे पत्रे देई. तिथेच पाट मांडून तूप-साखर हाताने फेसायची, पांढरी आणि हलकी होईपर्यंत. मग पीठ मिसळून गोळे वळायचे, वर चारोळी किंवा वेलदोड्याचा दाणा दाबायचा. मुले पत्रे सांभाळत. भट्टीतून पत्रा बाहेर आला की नानकट्या मोजून पत्र्याच्या डब्यात भरायच्या आणि भाजणावळ द्यायची. वनस्पती किती फेसले यावर नानकटाई जमते की बिघडते, हे त्या बायकांना अनुभवाने कळलेले असे. बेकरीवाल्यालाही त्यांचे फेसणे पाहून निकाल आधीच सांगता येई. ज्या घराने दोन पिढ्यांपूर्वी पाव बाटका मानला त्याच घराच्या सुना भट्टीच्या तोंडाशी बसून काम करत होत्या. जातीच्या कडेकोट व्यवस्थेला पडलेली ही भेग कोणत्याही सुधारकाच्या भाषणाशिवाय पडली.

त्यानंतर केक घरात आला. ओव्हन नव्हता तेव्हा जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून त्यात केकचे भांडे ठेवत. कुकरची शिट्टी आणि रबर काढून त्यातही केक होई. पुढे विजेवरचा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. 1961 पासून नेस्ले कंपनीचा पंजाबातल्या मोग्याचा कारखाना चालू झाल्यावर डब्यातले आटवलेले दूध देशात सहज मिळू लागले आणि त्यातून अंड्याशिवायचा केक शक्य झाला. अंड्याची अडचण सुटल्यावर शाकाहारी घरांचा उरलासुरला विरोधही संपला. 1970 आणि 1980 च्या दशकांत दादर, पार्ले, ठाणे, पुण्याच्या पेठा आणि नाशिक-नागपूरच्या वसाहतींतून बायकांनी आपल्या स्वयंपाकघरात केकचे क्लास सुरू केले. आठवड्यात दोन दुपारी, आठ-दहा जणी, सायक्लोस्टाइल केलेल्या कृती. संस्थेची फी, इंग्रजीची भीती आणि घराबाहेर राहण्याची अडचण असलेल्या असंख्य बायकांचे बेकिंगचे शिक्षण इथे झाले, आणि कितीतरी जणींनी त्यावर वाढदिवसाच्या केकचा छोटा धंदा उभा केला. या क्लासांची नोंद कोणत्याही शासकीय अहवालात सापडत नाही. इतिहासात त्यांना दादरच्या संस्थेइतकीच जागा मिळायला हवी.

1991 नंतर मोठी हॉटेले, कॉफीची दुकाने आणि मॉल वाढले आणि पेस्ट्री शेफ हा स्वतंत्र पेशा झाला. परदेशी जाऊन शिकणाऱ्यांची संख्याही वाढली. पॅरिसच्या ल कॉर्दों ब्ल्यूमध्ये शिकून आलेल्या पूजा धिंग्रा यांनी 2010 मध्ये मुंबईत ले फिफ्टीन पॅटिसरी सुरू केली आणि मॅकरॉन हा पदार्थ मुंबईला माहीत झाला. बेंगळुरूच्या लव्होन अकादमीसारख्या फक्त बेकिंग शिकवणाऱ्या खासगी संस्था त्याच दशकात आल्या. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी ओव्हन तापले आणि त्यातून अनेकांनी नोकरी सोडून या संस्थांचा रस्ता धरला. इंजिनियर, बँक कर्मचारी, शिक्षिका अशी तिशी-चाळिशीतली माणसे पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून वर्गात उभी राहतात, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. त्यांना पहिला धक्का बसतो तो कष्टांचा. पहाटेची पाळी, दहा-बारा तास उभे राहणे, हातावरचे चटके, एकाच आकाराचे शेकडो गोळे, आणि चव घेण्याआधी भांडी घासणे. या बाबतीत चकचकीत अकादमी आणि जुनी भट्टी यांत फरक फार थोडा आहे.

मोठा फरक राहिला तो माणसांत. शहराचा रोजचा पाव ज्यांच्या हातून येतो त्या कारागिरांना या सत्तर वर्षांच्या शिक्षणातून जवळजवळ काही मिळाले नाही. त्यांचे कौशल्य कोणी लिहून घेतले नाही आणि त्यांना कोणी नवे शिकवले नाही. हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. ज्या कारागिराने आयुष्यभर चिमूटभर पीठ टाकून उष्णता ओळखली, त्याच्यासमोर आकड्यांची तबकडी आली. गॅसच्या भट्टीत वाफ कशी राखायची, ब्रूनची पाठ कडक कशी ठेवायची, लाकडाचा स्वाद गेल्यावर चव कशी सांभाळायची, हे त्याला सांगायला कोणी आलेले नाही.

साधन मात्र हाताशी आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाला मान्यता देण्याची तरतूद आहे. वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाची पारख करून, थोडे पूरक प्रशिक्षण देऊन त्याला प्रमाणपत्र देता येते. मुंबईत सरकारी केटरिंग संस्था आहे, आयटीआय आहेत, आणि बेकऱ्यांचे पत्ते महापालिकेकडे आहेत. इंधन बदलायला लावणाऱ्या यंत्रणेने बेकरीवाल्याला नोटीस द्यावी आणि त्याच्या कारागिराला या संस्थांतल्या ओव्हनसमोर पंधरा दिवस उभे करावे. त्याच पंधरा दिवसांत संस्थांनीही लादी पाव, ब्रून आणि खारीचे प्रमाण त्याच्याकडून वजन करून लिहून घ्यावे, आणि पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात ते छापावे.